नऊ कागदी नळकांडी, तीन बोर्ड आणि बरीचशी वायर: सामानाचं परीक्षण

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. माणूस जवळ आला की उजेडाने आणि आवाजाने उत्तर देणारी मांडणी कमी पैशात करायची असेल, तर एलईडीची पट्टी निर्धास्त घ्या. पॉवर सप्लाय लहान चालेल, पण खरा घ्या. हालचाल ओळखणारा तो पांढऱ्या घुमटाचा पीआयआर सेन्सर फुकट मिळाला तरी घेऊ नका. आवाजासाठी सगळे सुचवतात ते चिमुकलं एमपी३ मॉड्यूल अर्ध्याच कामाचं आहे. आणि या सगळ्या सामानात ज्याने लोकांना सर्वांत जास्त हसवलं, ती वस्तू सर्वांत स्वस्त निघाली.

मी नाटकांची प्रकाशयोजना करते. तिथे क्यू, म्हणजे उजेड बदलायची खूण, माझ्या हातात असतो, प्रेक्षक खुर्चीत असतो आणि कुणी कुठे उभं राहायचं हे तालमीत ठरलेलं असतं. इथे क्यू प्रेक्षकाच्या पायात असतो आणि तालीम कुणीच केलेली नसते. त्यामुळे हे परीक्षण इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं नाही. मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारलाय: आलेल्या माणसाला दोन पावलांत कळतंय का, की हे आपल्यामुळे होतंय? कृती आणि उत्तर यांच्यात सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त वेळ गेला की तो धागा सैल होतो. अर्धा सेकंद गेला की माणूस वर बघतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. आपोआप चालणारी रोषणाई बघितल्यासारखा.

मांडणी साधी आहे. एका अरुंद, अंधाऱ्या मार्गिकेत छताला टांगलेली नऊ कागदी नळकांडी. कुणी नसेल तेव्हा त्यांत मंद उजेड श्वासासारखा वरखाली होतो. खाली कुणी आलं की ते नळकांडं तळापासून उजेडाने भरत जातं आणि गुणगुणायला लागतं. दोन नळकांड्यांखाली दोन माणसं असली की त्यांच्या मधल्या नळकांड्यांतून उजेड इकडून तिकडे धावतो. बस, एवढंच. राफाएल लोझानो-हेमर याच्या २००६ सालच्या ‘पल्स रूम’मध्ये माणूस एक दांडा हातात धरतो आणि त्याच्या नाडीच्या ठोक्यावर दिवा उघडझाप करतो, हात सोडला की तो ठोका पुढच्या दिव्यात सरकतो. ते काम स्वस्त नव्हतं, पण एक कृती आणि तिचं एक स्वच्छ उत्तर, हे त्यातून उचलायला पैसे पडत नाहीत.

आता सामान. पट्टी डब्ल्यूएस२८१२बी जातीची, मीटरला ६० दिवे असलेली. प्रत्येक दिव्याच्या पोटात स्वतःची चिप असते, त्यामुळे एकाच डेटा वायरवरून प्रत्येकाला वेगळा रंग सांगता येतो. एका दिव्याला २४ बिट (शून्य-एकचे आकडे) लागतात आणि ते पोचायला साधारण ३० मायक्रोसेकंद. माझ्या एका नळकांड्यात ३० दिवे, तीन नळकांड्यांना मिळून एक बोर्ड (सगळं चालवणारा चिमुकला संगणक), म्हणजे ९० दिवे. पूर्ण चित्र तीन मिलिसेकंदांच्या (सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या) आत बदलतं. प्रतिसाद उशिरा येत असेल तर दोष पट्टीचा नाही, हे एकदा मनाशी पक्कं करून टाका.

तिची खोट वेगळी आहे आणि ती फक्त अंधारातच कळते. प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या आहेत. वरच्या टोकाला २५४ वरून २५५ वर गेलेलं कुणाच्या बापाला दिसत नाही. खाली १ वरून २ वर जाताना उजेड थेट दुप्पट होतो. माझा तो मंद श्वास सुरुवातीला चक्क जिना उतरत होता. ठक, ठक, ठक. नाटकात फेड, म्हणजे उजेडाचा सावकाश चढ-उतार, असा तुटला तर दिग्दर्शक पहिल्या रांगेतून ओरडेल. गॅमा दुरुस्तीचा तक्ता (डोळ्याच्या हिशोबाने तेजाचे आकडे बदलून देणारा) कोडमध्ये टाकावाच लागतो, कारण डोळा उजेड सरळ रेषेत मोजत नाही, पण त्याने तळाच्या पायऱ्या वाढत नाहीत, उलट आणखी उघड्या पडतात. मी शेवटी दोन गोष्टी केल्या. कागद दोन पदरी केला, म्हणजे तेवढाच मंद उजेड मिळवायला दिवे वरच्या आकड्यांवर चालवता आले. आणि सगळे दिवे एकदम मंद करण्याऐवजी पेटलेल्या दिव्यांची संख्या कमी-जास्त केली. काम अगदी गडद खोलीसाठी असेल आणि हात थोडा सैल सोडता येत असेल, तर एपीए१०२ जातीची पट्टी बघा. तिच्यात रंगांच्या आकड्यांखेरीज प्रत्येक दिव्याच्या एकूण तेजाच्या ३२ पायऱ्या वेगळ्या असतात. डेटाला ठेका देणारी एक क्लॉकची वायर जास्त लागते आणि खर्च वाढतो.

पांढऱ्या रंगाबद्दल एक तक्रार. लाल, हिरवा, निळा मिळून होणारा पांढरा उजेड माणसाच्या चेहऱ्यावर पडला की चेहरा आजारी दिसतो. नुसता कागद उजळायचा असेल तर हरकत नाही. चेहरे दिसणार असतील तर स्वतंत्र पांढरा दिवा असलेली एसके६८१२ची आरजीबीडब्ल्यू पट्टी घ्या. उबदार पांढरी. यावर मी वाद घालणार नाही.

पट्टीचा पूर्ण पांढरा उजेड एका दिव्यामागे जवळपास ६० मिलिअँपिअर खातो. माझे २७० दिवे, म्हणजे १६ अँपिअरच्या वर. इथे लोक दोन प्रकारे वागतात. एक तर मोठा, उघड्या स्क्रूंचा एसएमपीएस (पत्र्याच्या पेटीतला पॉवर सप्लाय) आणतात आणि मुख्य विजेच्या वायरी लोकांच्या हाताला लागतील अशा ठेवतात, नाहीतर कुठला तरी जुना चार्जर लावून बघतात. मी तिसरा रस्ता घेतला. फास्टएलईडी या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) एकूण करंटला मर्यादा घालणारी एक ओळ आहे. ती प्रत्येक बोर्डाला अडीच अँपिअरवर बांधली आणि तीन गटांना ५ व्होल्ट, ४ अँपिअरचे तीन बंद अडॅप्टर लावले. अंधारात पूर्ण पांढरा उजेड कुणाला हवाय? त्याने लोक डोळ्यांवर हात घेतात. बंद अडॅप्टरमुळे मुख्य विजेची एकही उघडी वायर मांडणीत राहिली नाही, आणि सार्वजनिक जागेत हे रंगसंगतीच्या आधी बघायचं असतं. ५ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण बारीक वायरीतून तीन-चार अँपिअर नेले तर वायर तापते, आणि आपण ती कागदाशेजारून नेत असतो. प्रत्येक गटाला फ्यूज टाका.

तीनपैकी एक अडॅप्टर भार पडल्यावर साडेचार व्होल्टांपर्यंत घसरला. वर छापलेलं ४ अँपिअर होतं. बदलून घेतला. मल्टिमीटर हातात असेल तर ही परीक्षा पाच मिनिटांची आहे: सगळे दिवे मर्यादेपर्यंत पेटवायचे आणि पट्टीच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज मोजायचं. मल्टिमीटर नसेल तरी डोळ्यांना कळतं. व्होल्टेज पडलं की आधी निळा आणि हिरवा मान टाकतात, कारण त्यांना लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, आणि शेवटच्या टोकाचा पांढरा रंग तांबूस होतो. लांब पट्टीला दोन्ही टोकांनी वीज द्यायची ती याचसाठी.

बोर्ड ईएसपी३२. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, ही त्याची स्तुतीच समजा. अर्डुइनो उनो हा नवशिक्यांचा बोर्ड शिकायला अजूनही उत्तम, पण त्याच्या आर३ या जुन्या आवृत्तीची मेमरी २ केबी. शिवाय पट्टीला डेटा पाठवताना त्यावरच्या नेहमीच्या लायब्रऱ्या बाकीची तातडीची कामं थांबवतात, आणि त्याच वेळी तो आवाजही तयार करत असेल तर उजेड हलला की आवाज तडकतो. ईएसपी३२ मध्ये दोन कोर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे दोन मेंदू, आहेत. एकाला आवाज दिला, दुसऱ्याला उजेड आणि सेन्सर, भांडण मिटलं. तिन्ही बोर्ड ईएसपी-नाऊ या बिनतारी पद्धतीने एकमेकांशी थेट बोलतात, राउटर लागत नाही. एक खाचखळगा मात्र आहे. हा बोर्ड ३.३ व्होल्टचे संकेत देतो आणि ५ व्होल्टवर चालणारी पट्टी कागदोपत्री किमान ३.५ मागते. बऱ्याचदा तसंच चालून जातं, आणि मग नेमकं उद्घाटनाला दिवे वेड्यासारखे लुकलुकतात. ७४एएचसीटी१२५ ही संकेत ५ व्होल्टपर्यंत उचलणारी छोटी चिप मध्ये टाकली की प्रश्न संपला. डेटा वायरीत ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर आणि सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हे तर गृहीतच धरते.

कोड लिहायची भीती वाटत असेल तर डब्ल्यूएलईडी हे तयार फर्मवेअर (बोर्ड चालवणारा प्रोग्राम) बोर्डात भरा. मोबाइलवरून रंग, वेग, शंभरावर इफेक्ट, सगळं मिळतं. पण ‘कुणीतरी इथे, इतक्या अंतरावर उभं आहे’ हे त्याला सांगायला गेलात की कोड लिहावाच लागतो.

आणि आता सेन्सर. पैसा आणि डोकं इथे घालायचं.

पीआयआर सेन्सर उष्ण वस्तूच्या हालचालीने इन्फ्रारेडमध्ये होणारा बदल ओळखतो. जिन्यावरचा दिवा लावायला तो झकास आहे. पण त्याला फक्त हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. किती जवळ, किती लांब, काही नाही. एचसी-एसआर५०१ या नेहमीच्या मॉड्यूलला चालू केल्यावर स्थिरावायला मिनिटभर लागतं, आणि एकदा ‘हो’ म्हटल्यावर ते काही सेकंद हटत नाही. सर्वांत वाईट म्हणजे माणूस कलाकृतीखाली मन लावून स्थिर उभा राहिला की याच्या लेखी तो निघून गेलेला असतो. जो थांबून बघतोय त्याच्यासाठीच दिवे मालवणार? याहून उद्धट उत्तर मला सुचत नाही.

अल्ट्रासॉनिक एचसी-एसआर०४ अंतर सांगतो. ४० किलोहर्ट्‌झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो. दोन मीटरवरून परत यायला त्याला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे वेग पुरेसा आहे. पण सैल, मऊ कपडे आवाज गिळतात, तिरकं उभं राहिलेल्या माणसावरून तो भलतीकडे उडतो, आणि शेजारी शेजारी दोन लावले तर एकाची हाक दुसरा ऐकतो. आळीपाळीने चालवावे लागतात. नऊ आळीपाळीने म्हणजे प्रतिसादाचं दिवाळं. एकट्या-दुकट्या वस्तूसाठी घ्या, ओळीने टांगलेल्यांसाठी नको.

मी ठेवला तो व्हीएल५३एल०एक्स. बोटाच्या नखाएवढ्या पाटीवरची ही चिप न दिसणारा ९४० नॅनोमीटरचा लेसर सोडते आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते. पल्ला दोन मीटरपर्यंत, सेकंदाला तीसेक मोजमापं. नळकांड्याच्या तोंडाशी खाली बघत लावली की डोकं, हात, उचललेलं मूल, सगळं तिला मिलिमीटरच्या आकड्यांत दिसतं. कमी परावर्तन करणाऱ्या पृष्ठभागावर पल्ला घटतो, आणि उन्हात तर ती जवळजवळ आंधळी होते, म्हणून उघड्यावरच्या कामाला निरुपयोगी. आणखी एक डोकेदुखी: प्रत्येक चिप एकच पत्ता घेऊन जन्माला येते, ०एक्स२९. एका बसवर, म्हणजे एकाच सामाईक वायरींवर, तीन लावायच्या तर सुरू होताना एकेकीला जागी करून नवा पत्ता द्यावा लागतो, त्यासाठी प्रत्येकीला बंद-चालूची एक जास्तीची वायर. शिवाय हे आयटूसीचं (चिप आणि बोर्ड यांच्या बोलण्याच्या पद्धतीचं) नातं एकाच पाटीवरच्या चिपांसाठी आखलेलं. वायर काही मीटर ताणली की निरोप गहाळ व्हायला लागतात. नऊ नळकांड्यांना तीन बोर्ड घेण्याचं खरं कारण हेच. एका मोठ्या बोर्डाची काटकसर इथे महागात पडते.

सेन्सरचे आकडे थरथरतात, म्हणून लोक सरासरी काढतात. दहा मोजमापांची सरासरी म्हणजे सेकंदाचा तिसरा भाग गेला, आणि आपला धागा तुटला. मी तीन आकड्यांतला मधला घेते, आणि मग चढताना घाई, उतरताना सावकाश असं ठेवते: माणूस जवळ आला तर उजेड लगेच झेप घेतो, दूर गेला तर रेंगाळत मागे सरतो. सामान तेच, वायर तीच, पण या एका बदलाने नळकांड्यांना स्वभाव आला. माणूस निघून गेल्यावर ती जरा वेळ त्याच्याकडे बघत राहतात.

स्वस्तातली ती वस्तू म्हणजे पायझो चकती. वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात असते ती पितळी टिकली. तिच्यावर ठोका पडला की ती स्वतः व्होल्टेज तयार करते, आणि ते बोर्डाला झेपणार नाही इतकं वर जाऊ शकतं. म्हणून समांतर एक मेगाओहमचा रेझिस्टर आणि जादा व्होल्टेज अडवणारा ३.३ व्होल्टचा झेनर डायोड. मार्गिकेच्या तोंडाशी लाकडी फळीखाली एक चिकटवली. फळीवर टकटक केली की उजेडाची लाट नऊही नळकांड्यांतून धावत जाते. जोरात ठोकलं तर वेगाने, हळू ठोकलं तर रमतगमत. विलंब जवळपास शून्य. मुलं तिथून हलत नाहीत आणि त्यांच्यामागे उभी असलेली मोठी माणसं ‘आता आमची पाळी’ म्हणतात. दहापैकी दहा.

मायक्रोफोनही आणला होता, मॅक्स९८१४ चिपचा. त्यात आवाज आपोआप समपातळीवर आणायची सोय आहे, जी ध्वनिमुद्रणात वरदान आणि इथे शाप. कुजबुज आणि आरोळी त्याला सारखीच ऐकू येते. ती सोय नसलेलं मॅक्स४४६६चं मॉड्यूल या कामाला बरं. पण ज्या मांडणीला स्वतःचा आवाज आहे तिला कान देताना सांभाळा. ती स्वतःचंच ऐकून स्वतःलाच उत्तर देत बसते. काढून टाकला.

आवाजाच्या बाजूला एमपी३ मॉड्यूल हे नवशिक्याचं पहिलं प्रेम. मेमरी कार्ड घाला, दोन वायरी जोडा, वाजायला लागतं. नुसतं मागे काहीतरी सतत वाजत ठेवायचं असेल तर घ्याच. पण हुकूम दिल्यापासून आवाज येईपर्यंत कानाला कळेल एवढा वेळ जातो, फाइल संपून परत सुरू होताना खाच पडते, आणि अंतराप्रमाणे स्वर चढवणं-उतरवणं त्याला जमत नाही. मी आवाज बोर्डातच तयार केला आणि मॅक्स९८३५७ए या आयटूएस ॲम्प्लिफायरमधून (बोर्डाकडून आवाज आकड्यांतच घेणाऱ्या) काढला. आवाजाच्या २५६ नमुन्यांचा बफर, म्हणजे तात्पुरता साठा, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने सहा मिलिसेकंदांच्या आत रिकामा होतो. आता उजेड आणि आवाज एका दमात येतात. त्यासाठी थोडं गणित करावं लागतं. मोझ्झी नावाची लायब्ररी बरंचसं उचलते.

चार ओहम, तीन वॉटचा छोटा स्पीकर उघडा टेबलावर ठेवून वाजवलात तर निराश व्हाल. पुढून निघालेली लाट मागच्या लाटेला खाते आणि खर्ज नावाला उरत नाही. मोठा स्पीकर घेण्याआधी नळकांडं वापरा, ते आहेच की. एक तोंड स्पीकरने बंद केलं की नळीचा स्वतःचा सूर लांबीवरून ठरतो: आवाजाचा वेग भागिले लांबीची चौपट. ५० सेंटिमीटरची नळी साधारण १७२ हर्ट्‌झला घुमते, ७५ सेंटिमीटरची ११४ ला, आणि या दोघींत बरोबर सा-पचं नातं येतं. मी नऊही नळ्या सा, रे, ग, प, ध या पाचच स्वरांच्या हिशोबाने कापल्या, म्हणजे कुणीही, कितीही जण, कुठेही उभे राहिले तरी कानाला खुपत नाही. बोर्डातून तोच सूर सोडला की हलका स्पीकर अंगापेक्षा मोठा बोलतो. प्रत्यक्षात सूर हिशोबापेक्षा किंचित खाली लागतो, म्हणून नळी बोटभर जास्त ठेवून ऐकत ऐकत कापा. या सगळ्या उद्योगातला सर्वांत आनंदाचा भाग हाच होता आणि त्याला लागली एक कात्री.

कागदाबद्दल थोडक्यात. मीटरला ६० दिवे म्हणजे दोन दिव्यांत सुमारे १७ मिलिमीटर अंतर. कागद पट्टीपासून निदान तेवढ्या अंतरावर हवा, नाहीतर ठिपके मोजता येतात. पट्टी मधोमध दांडीवर आणि नळी १२ सेंटिमीटर व्यासाची, म्हणून माझ्याकडे जागा भरपूर. ट्रेसिंग पेपर सुरेख दिसतो पण दमट हवेत लाटा पकडतो. पट्टी कागदाला थेट चिकटवू नका, तिची ऊब कुठेतरी जायला हवी.

पुन्हा घेईन: पट्टी, लेसरवाला सेन्सर, आयटूएस ॲम्प्लिफायर आणि पायझो चकत्यांचं अख्खं पाकीट. पुन्हा घेणार नाही: पीआयआर, आपोआप आवाज सांभाळणारा मायक्रोफोन. नव्याने सुरू करणाऱ्याने एकाच नळकांड्याचं सामान मागवावं, ते टांगून अनोळखी माणसांना सूचना न देता खालून जाऊ द्यावं, आणि ती थांबतात का ते बघून मगच बाकीच्या आठांची ऑर्डर टाकावी. फक्त पट्टी मात्र पहिल्यांदाच सगळी घ्या, दोन मीटर जास्तीची धरून. वेगवेगळ्या वेळी आलेल्या रिळांचा पांढरा रंग एकमेकांशी जुळत नाही.